क्वालालंपूर : परवाना एकाच्या हाती, हुन्नर दुसऱ्याच्या

तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा कारागीर आता आपल्या मोहल्ल्यांत क्वचितच दिसतो. पण कल्हई हा शब्द अजून सर्वांच्या ओळखीचा आहे. भांड्याच्या आतल्या बाजूस जो पांढरा, चकचकीत थर चढवितात तो कथलाचा असतो. हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. जुन्या अरब भूगोलकारांनी पूर्वेकडील ‘कलह’ नावाच्या एका बंदराचा उल्लेख केला आहे. तेथून उत्तम कथील येत असे. हे बंदर मलय द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर होते आणि त्याच्याच नावावरून अरबांनी या धातूला कलई म्हटले, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

याच मलय भूमीवर, याच कथलाच्या शोधात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दोन नद्यांच्या संगमावर एक वस्ती उभी राहिली. तिचे नाव क्वालालंपूर. मलय भाषेत ‘क्वाला’ म्हणजे नदीचे मुख किंवा संगम आणि ‘लंपूर’ म्हणजे चिखल. हा चिखलाचा संगम आज मलेशियाची राजधानी आहे आणि तेथील इमारती जगातील सर्वांत उंच इमारतींत मोजल्या जातात.

या शहराची हकीकत आम्ही येथे मांडत आहोत ती इमारतींच्या उंचीसाठी नव्हे. क्वालालंपूरच्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो. जमीन आपली, सत्ता आपली, परवाना आपल्या नावाचा. मग धंदाही आपोआप आपला होतो काय? व्यापारी आणि कारागीर वाचकांनी या प्रश्नाचा विचार करावा, असे आम्हास वाटते.

सत्त्याऐंशी मजूर आणि एक दुकान

इ. स. १८५७ ची गोष्ट. सेलांगोर या मलय संस्थानात क्लांग नदीच्या खोऱ्यावर राजा अब्दुल्ला नावाच्या सरदाराचा अंमल होता. नदीच्या वरच्या भागात कथील आहे हे त्यांना ठाऊक होते. पण खाण खोदायला भांडवल हवे, मजूर हवेत आणि खोदण्याची विद्याही हवी. भांडवल त्यांनी मलाक्का येथील दोन चिनी व्यापाऱ्यांकडून घेतले. रक्कम होती त्या काळचे ३०,००० डॉलर. मजूरही चिनीच आणले. ८७ जण होड्यांतून नदीने वर निघाले. क्लांग आणि गोंबाक या नद्यांच्या संगमावर उतरून ते जंगलातून आंपांग येथे पोहोचले. एका महिन्याच्या आत त्यांतील ६९ जण हिवतापाने मरण पावले. राजा अब्दुल्लांनी आणखी १५० माणसे पाठविली. १८५९ साली पहिले कथील बाहेर विक्रीस गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. खाणी आंपांगला होत्या, शहर मात्र आंपांगला झाले नाही. ते संगमावर झाले. कारण माल भरलेली होडी संगमाच्या पलीकडे सहज जात नसे. तांदूळ, तेल, हत्यारे येथेच उतरत आणि कथील येथूनच खाली जाई. ज्या जागी माल उतरतो त्या जागी दुकान लागते आणि दुकानाभोवती वस्ती जमते. हिउ सिउ आणि याप आह स्झे या दोन चिनी व्यापाऱ्यांनी संगमावर दुकान थाटले. खाणीवाल्यांना ते उधारीवर सामान देत आणि बदल्यात कथील घेत.

या दोघांना येथे येण्याची गळ घातली ती सुतान पुआसा नावाच्या मुसलमान व्यापाऱ्याने, असे इतिहासकार सांगतात. सुतान पुआसा सुमात्रा बेटावरील मंडाइलिंग जमातीचे होते आणि आंपांगच्या बाजूस व्यापार करीत होते. शहराच्या संस्थापकाचा मान कोणाला द्यावा यावर मलेशियात अजून वाद चालतो. कोणी राजा अब्दुल्लांचे नाव घेतात, कोणी चिनी कॅप्टनांचे, तर काही अभ्यासक सुतान पुआसांचे. आमच्या मते या वादातच शहराचा स्वभाव दिसतो. हे शहर कोण्या बादशहाने किल्ला बांधून वसविले नाही. एकाने परवानगी दिली, दुसऱ्याने पैसे लावले, तिसऱ्याने घाम गाळला आणि चौथ्याने दुकान मांडले.

नाक्यावरचे भांडण

कथील नदीने खाली जाई तेव्हा नदीच्या मुखाशी त्यावर कर घेतला जाई. राजघराण्यातील मंडळींचे उत्पन्न ते हेच. हा कर कोणी घ्यायचा यावरून १८६७ साली मलय सरदारांत लढाई जुंपली. राजा महदी यांनी क्लांगचा किल्ला घेतला. पुढे सुलतान अब्दुल समद यांचे जावई तेंगकू कुदिन दुसऱ्या बाजूने उतरले. चिनी खाणीवाल्यांतही दोन तट पडले. सहा-सात वर्षे हे चालले. १८७२ साली क्वालालंपूर शत्रूच्या हाती पडले आणि जळून खाक झाले. १८७३ साली ते परत घेतले गेले. एवढ्या लढाईतून मलय सरदारांच्या पदरात काय पडले? १८७४ साली इंग्रजांनी सेलांगोरात आपला रेसिडेंट आणून बसविला. ज्या महसुलासाठी भाऊबंद लढले त्याचा कारभार परक्याच्या हाती गेला.

भांडण करावर होते, कथील काढण्याच्या कसबावर नव्हते. मलय लोकही पूर्वापार कथील काढीत असत. पण चिनी मजुरांनी पाणी उपसणारा साखळीचा रहाट आणला. त्याच्या बळावर ते खोल खाणीत काम करू शकले. खोल खाण म्हणजे जास्त माल. ज्याच्याकडे रहाट त्याच्याकडे माल आणि ज्याच्याकडे माल त्याच्याकडे बाजार, असा हिशेब होता.

स्वयंपाकी झाला कॅप्टन

या धामधुमीत शहर ज्याने तगविले तो माणूस म्हणजे याप आह लॉय. त्याचा जन्म १८३७ साली दक्षिण चीनमध्ये झाला. वयाच्या सतराव्या वर्षी तो मलायात आला, खाणीवर राबला, खाणीवर स्वयंपाकही केला. १८६८ साली तो क्वालालंपूरचा ‘कॅप्टन’, म्हणजे चिनी वस्तीचा मुख्य झाला. लढाईनंतर सारे जळाले होते, खाणींत पाणी भरले होते आणि कथलाचा भाव पडला होता. मजूर सोडून चालले होते. आह लॉयने कर्जे काढून मजुरांना धरून ठेवले. तो जवळजवळ बुडालाच होता. पण १८७९ साली कथलाचा भाव चढला आणि तो व शहर दोन्ही तरले.

त्याच्या कमाईचा सारा मार्ग वाखाणण्यासारखा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. अफू, दारू आणि जुगार यांच्या मक्त्यांतून त्या काळी बक्कळ पैसा येई. खाणीत दिवसभर कमावलेली मजुरी रात्री याच अड्ड्यांत जाई. कित्येक मजूर चीनला परतण्याचे स्वप्न उराशी धरून कर्जातच मेले. शहराच्या पायात त्यांची हाडे आहेत.

१८८० साली सेलांगोरचा कारभार क्लांगहून क्वालालंपूरला आला. लगेच दोन संकटे आली. १८८१ च्या जानेवारीत आग लागली आणि त्याच वर्षी पूरही आला. लाकूड, बांबू आणि पानांची छपरे असलेली दुकाने गेली. १८८२ साली आलेले रेसिडेंट फ्रँक स्वेटनहॅम यांनी धोरण ठरविले की यापुढे दुकाने विटांची व कौलांची हवीत. विटांसाठी भट्ट्या लागल्या. त्या ज्या भागात लागल्या त्याला आजही ब्रिकफील्ड्स, म्हणजे विटांचे मैदान, असे म्हणतात. आज तेथे तामिळ वस्ती व बाजार आहे.

या नव्या दुकानांची घडण पाहण्यासारखी आहे. दर्शनी भाग अरुंद, इमारत मागे लांबच लांब. खाली दुकान, वर बिऱ्हाड. समोर सुमारे पाच फूट रुंदीचा छत असलेला ओटा. सर्व दुकानांचे ओटे जोडले की पादचाऱ्यांना ऊन-पावसातून सलग चालण्याची वाट मिळते. तेथे पाऊस बाराही महिने कोसळतो. पण गिऱ्हाईक या वाटेने कोरडेच एका दुकानातून दुसऱ्यात जाते. जुन्या पेठेत हे ओटे आजही दिसतात.

रेल्वे, रबर आणि राजधानी

१८८६ साली क्वालालंपूर ते क्लांग रेल्वे सुरू झाली आणि नदीचे महत्त्व ओसरले. १८९६ साली इंग्रजांनी चार मलय संस्थानांचा संघ केला आणि त्याची राजधानी येथे ठेवली. १८९७ साली सरकारी कचेऱ्यांची जी भव्य इमारत पूर्ण झाली तिला आज सुलतान अब्दुल समद इमारत म्हणतात. घुमट, कमानी आणि मनोरे पाहून ती हिंदुस्थानातील एखाद्या शहरातली वाटावी. इंग्रज वास्तुकारांनी मोगली घाट तेथे नेला होता. ज्या संगमावर १८५७ साली मजूर उतरले, तेथेच १९०९ साली आर्थर बेनिसन हबक यांच्या आराखड्याची जामेक मशीद उघडली. लाल विटा, मधून पांढरे पट्टे, तीन घुमट आणि माडांची झाडे. दोन्ही नद्या आजही तिच्या पायथ्याशी मिळतात.

कथलाच्या जोडीस रबर आले. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी वाढल्या आणि रबराचे भाव कडाडले. मळ्यांवर आणि रेल्वेवर काम करण्यासाठी दक्षिण भारतातून तामिळ मजूर आणले गेले. तामिळ मुसलमान व्यापारी त्यांच्याही आधीपासून येथे होते. त्यांची मशीद, जी मस्जिद इंडिया म्हणून ओळखली जाते, १८६३ साली लाकडी बांधणीची उभी राहिली. आजची इमारत १९६६ ची आहे. मशिदीभोवती कापड, जवाहीर, मसाले आणि पैसे बदलून देण्याचे धंदे वाढले.

अशा रीतीने शहरात माणसांच्या वाटण्या झाल्या. खाणी व दुकाने चिन्यांची, मळ्यांतील मजुरी तामिळांची, वरची हुद्देदारी आणि मोठ्या कंपन्या इंग्रजांच्या. मलय मुसलमान मात्र गावात शेती किंवा मासेमारी करीत राहिला. इंग्रजांनाही तेच सोयीचे होते. सुलतान तख्तावर होता, मुलूख नावाने मलयांचा होता. पण राजधानीच्या बाजारात मलय दुकानदार शोधावा लागे.

जमीन आहे, पण

१९०० साली इंग्रजांनी शहरालगत सुमारे ९० हेक्टर जमीन केवळ मलय लोकांच्या वस्तीसाठी राखून ठेवली. तिचे नाव काम्पुंग बारू, म्हणजे नवे गाव. तेथे राहून मलयांनी शेती करावी असा हेतू होता. शहराला खेटून असलेल्या जागी शेती काही जमली नाही. वस्ती मात्र टिकली. आज काम्पुंग बारूच्या लाकडी घरांवर जुळ्या मनोऱ्यांची सावली पडते, इतकी ती शहराच्या मध्यभागी आली आहे. जमीन सोन्याच्या मोलाची झाली. पण ती मलयांनाच विकता येते आणि पिढ्यान्‌पिढ्या वारसांत वाटणी होऊन एकेका तुकड्याला अनेक मालक झाले आहेत. सर्वांची संमती मिळाल्याखेरीज बांधकाम होत नाही. सरकारांनी योजना आणल्या, त्या रेंगाळल्या. वारसाहक्काच्या वाटणीत अडकलेले वाडे आणि गाळे ज्यांनी पाहिले आहेत त्या आमच्या वाचकांना हे अवघड दुखणे समजावून सांगण्याची गरज नाही.

१३ मे १९६९

३१ ऑगस्ट १९५७ रोजी मलाया स्वतंत्र झाला आणि क्वालालंपूर स्वतंत्र देशाची राजधानी बनले. सत्ता मलयांच्या हाती आली. बाजाराची वाटणी तीच राहिली. असंतोष दोन्ही बाजूंस होता. मलयांना वाटे, देश आपला पण पैसा दुसऱ्यांचा. चिन्यांना वाटे, घाम आपला पण मान दुसऱ्यांचा. १९६९ च्या मे महिन्यातील निवडणुकीनंतर मिरवणुका निघाल्या, एकमेकांना डिवचणाऱ्या घोषणा झाल्या आणि १३ मे रोजी काम्पुंग बारूच्या परिसरातून दंगल भडकली. सरकारी आकड्यानुसार १९६ माणसे ठार झाली. मृतांत चिनी अधिक होते. दुकाने जळाली, आणीबाणी पुकारली गेली आणि संसद १९७१ पर्यंत स्थगित राहिली.

दंगलीत नुकसान कोणाचे होते हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. कारखान्याचा मालक विमा घेऊन बसलेला असतो. हातगाडीवाला आणि छोटा दुकानदार एका रात्रीत रस्त्यावर येतो. क्वालालंपूरच्या राज्यकर्त्यांनी मात्र दंगलीनंतर आकडे समोर ठेवले. १९७० साली कंपन्यांच्या भांडवलात मलय व इतर मूलनिवासींचा वाटा केवळ २.४ टक्के होता. साठ टक्क्यांहून अधिक भांडवल परदेशी लोकांचे होते. लोकसंख्येत मात्र मूलनिवासी निम्म्याहून जास्त होते.

१९७१ साली ‘नवे आर्थिक धोरण’ जाहीर झाले. वीस वर्षांत मूलनिवासींचा वाटा ३० टक्क्यांवर न्यावयाचा आणि जातीवरून धंदा ओळखला जाण्याची रीत मोडावयाची, अशी उद्दिष्टे होती. परवाने, कंत्राटे, कर्जे आणि महाविद्यालयांतील जागा यांत मलयांना अग्रक्रम मिळाला.

अली आणि बाबा

या धोरणातून एक नवीच रीत निघाली. तिला तेथे ‘अली-बाबा’ म्हणतात. अली म्हणजे मलय माणूस. परवाना किंवा कंत्राट त्याच्या नावे. बाबा म्हणजे चिनी व्यापारी. भांडवल, माणसे आणि कसब त्याचे. अली सही करतो, ठरलेली रक्कम घेतो आणि घरी जातो. बाबा काम करतो, नफा घेतो आणि अनुभवही घेतो. कागदावर मलय व्यापारी वाढले. बाजारात तितके वाढले नाहीत. नदीच्या नाक्यावर कर घेऊन समाधान मानणाऱ्या जुन्या सरदारांची आठवण यावी, असाच हा प्रकार. सहीचे पैसे मिळाले, पण मुलाला शिकविण्यासारखा धंदा हाती आला नाही.

१९९० साली मूलनिवासींचा वाटा सुमारे १९ टक्क्यांवर पोहोचला. उद्दिष्ट साधले नाही, पण वाढ लहानही नव्हती. द्वीपकल्पातील गरिबी १९७० च्या ४९ टक्क्यांवरून १९९० मध्ये सुमारे १५ टक्क्यांवर आली. यात खरे काम कशाने केले? आमच्या मते शिक्षणाने. १९६६ साली स्थापन झालेल्या ‘मारा’ या सरकारी संस्थेने आणि तिच्या तंत्रसंस्थांनी खेड्यांतील मलय मुलामुलींना हिशेब, यंत्रे आणि व्यवस्थापन शिकविले. अलींची पिढी सह्या करीत राहिली. शिकलेल्या पिढीने कचेऱ्या, बँका आणि कारखाने सांभाळले. या धोरणाबद्दल चिन्यांच्या तक्रारी आहेत आणि मळ्यांवरच्या गरीब तामिळांकडे दुर्लक्ष झाले ही तक्रारही खरी आहे. परंतु १९६९ सारखी दंगल त्या शहरात पुन्हा झाली नाही.

हजच्या पैशातून उभी राहिलेली संस्था

मलय शेतकरी हजला जाण्यासाठी पैसे साठवी ते घरात, गादीखाली. परतल्यावर पुष्कळदा शेत किंवा जनावरे विकलेली असत आणि हाजीसाहेब कर्जबाजारी होत. व्याज नको म्हणून तो बँकेत जात नसे. उंगकू अब्दुल अझीझ या अर्थशास्त्रज्ञांनी १९५९ साली योजना मांडली की अशा बचतदारांसाठी वेगळी संस्था काढावी, पैसा व्याजाऐवजी धंद्यात गुंतवावा आणि नफा वाटून द्यावा. १९६३ साली ती सुरू झाली तेव्हा सुमारे तेराशे खातेदार होते. तीच आजची ‘ताबुंग हाजी’. तिच्या खातेदारांची संख्या आज लाखोंच्या घरात आहे. १९८३ साली याच विचाराने बँक इस्लाम ही बिनव्याजी तत्त्वावरील देशातील पहिली बँक निघाली.

तरी येथेही सावधगिरीचा धडा आहे. २०१८ साली उघड झाले की ताबुंग हाजीची देणी तिच्या मालमत्तेपेक्षा वाढली होती. तोट्यातील गुंतवणुकी सरकारी कंपनीकडे वर्ग करून संस्था सावरावी लागली. हेतू पवित्र असला तरी हिशेब कडकच ठेवावा लागतो.

खाण गेली, कारागिरी राहिली

आता पुन्हा कथलाकडे येऊ. मलेशिया कित्येक दशके जगातील सर्वांत मोठा कथील उत्पादक होता. भाव टिकविण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय मंडळ कथील खरेदी करून साठवीत असे. ऑक्टोबर १९८५ मध्ये त्या मंडळाचे पैसे संपले आणि बाजार कोसळला. खाणी बंद पडल्या. शहराच्या दक्षिणेस सुंगाई बेसी येथील प्रचंड उघडी खाण आज तळे झाली आहे आणि तळ्याकाठी हॉटेले व दुकाने आहेत.

पण कथील विकणाऱ्यांच्या हातून कथील गेले तरी ते घडविणाऱ्याच्या हातून गेले नाही. १८८५ साली योंग कून नावाचा तरुण कारागीर चीनहून क्वालालंपूरला आला. कथलात थोडे तांबे आणि अँटिमनी मिसळून ‘प्यूटर’ नावाची मिश्रधातू होते. तिच्यापासून तो देवघरातील उदबत्तीची पात्रे हातोडीने घडवी. पुढे इंग्रज गिऱ्हाईक आले तेव्हा त्यांच्या आवडीचे पेले, फुलदाण्या आणि रक्षापात्रे बनू लागली. गिऱ्हाईक बदलले तसा घाट बदलला, हात तोच राहिला. आज रॉयल सेलांगोर या नावाने त्या घराण्याचा माल अनेक देशांत विकला जातो. कारखाना क्वालालंपूरच्या सेतापाक भागात आहे आणि तेथे येणाऱ्यांना हातोडीचे काम पाहावयास मिळते. ज्या कथलावर शहर उठले त्याच्या खाणी बंद झाल्या. त्यावर हातोडी चालविणारे दुकान शंभर वर्षांनंतरही उघडे आहे.

आजचे शहर

१९९८ साली पूर्ण झालेले पेट्रोनासचे जुळे मनोरे ४५२ मीटर उंच आहेत. मजले ८८. मजल्यांचा आराखडा इस्लामी नक्षीतील अष्टकोनी ताऱ्यावर बेतलेला आहे. एक मनोरा जपानी व एक कोरियन कंपन्यांनी उभारला. पैसा मुख्यतः तेलाचा होता. मनोरे वर चढत असतानाच १९९७ चे आर्थिक संकट आले. एका डॉलरला अडीच रिंगिट पडत, ते जानेवारी १९९८ मध्ये साडेचारांच्या वर गेले. डॉलरमध्ये कर्ज घेतलेले उद्योग एका हंगामात हवालदिल झाले. सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज नाकारले आणि सप्टेंबर १९९८ मध्ये भाव ३.८० वर बांधला. तो २००५ पर्यंत तसाच होता.

१९९९ पासून सरकारी कचेऱ्या पुत्रजया या नव्या शहरात गेल्या. राजधानीचा मान, राजवाडा आणि संसद क्वालालंपूरलाच आहेत. कचेऱ्या गेल्या म्हणून बाजार उठला नाही. १८८८ पासूनची मंडई, जी एकेकाळी भाजी-मासळीची होती, १९८६ पासून कारागिरांची पेठ आहे. तेथे बाटिकचे कापड, वेताच्या वस्तू आणि लाकडी कोरीव काम विकले जाते. मस्जिद इंडियाच्या रस्त्यावर रमजानात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. तामिळ मुसलमानांच्या खानावळींना तेथे ‘मामाक’ म्हणतात. अनेक मामाक रात्रंदिवस उघडे असतात आणि मलय, चिनी, तामिळ, सारे तेथे एकाच बाकावर बसून ओढून-ओढून फेसाळलेला दुधाचा चहा पितात.

चिखल मात्र अजून आहे. संगमावर वसलेल्या शहरास पूर नवा नाही. त्यासाठी २००७ साली ९.७ किलोमीटर लांबीचा बोगदा बांधला. त्याच्या मधल्या भागातून एरवी मोटारी जातात आणि मोठा पाऊस आला की मोटारी थांबवून त्यातून पुराचे पाणी सोडतात. २०२४ साली उघडलेली ‘मर्देका ११८’ ही इमारत ६७८.९ मीटर उंच आहे. जगात तिच्याहून उंच फक्त दुबईचा बुर्ज खलिफा.

आमच्यासाठी काय?

व्यापारी बांधवांनी या हकीकतीतून तीन गोष्टी गाठीला बांधाव्यात.

पहिली, परवाना म्हणजे धंदा नव्हे. कोणी आपल्या नावावर कंत्राट घेऊन टक्केवारी देऊ करीत असेल तर ती घेण्यापूर्वी विचार करावा की काम शिकणार कोण आणि पुढच्या वेळी आपली गरज उरणार काय.

दुसरी, कच्च्या मालाचा भाव आपल्या हाती नसतो, हाताची कारागिरी असते. आपल्या मुलास हातोडी धरण्याबरोबरच हिशेब, नवा घाट आणि नवे गिऱ्हाईक ओळखणे शिकवावे.

तिसरी, बाजार शेजाऱ्यांच्या भरवशावर चालतो. ज्या पेठेत एक जमात फक्त विकते आणि दुसरी फक्त पाहते, तेथे ठिणगी पडायला वेळ लागत नाही. क्वालालंपूरने ही किंमत १९६९ साली १९६ जिवांनी मोजली. आपल्या पेठांतील उधारी, भागीदारी आणि नोकरी यांत सर्वांना वाव राहील असा व्यवहार ठेवणे हे धर्माचे काम आहेच, ते धंद्याच्याही हिताचे आहे.